व्होल्ट दुप्पट केले म्हणून होडी दुप्पट पळत नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा पानावर खाडीत विजेवर चालणाऱ्या होड्यांची बातमी आली, ती वाचून बरं वाटलं. पेट्रोल मशीनचा भडभडाट आणि पाण्यावर पसरणारा तेलाचा तवंग कर्लीच्या खाडीत ज्यांनी रोज बघितलाय, त्यांना असं काही छापून आलं की आनंदच होतो. पण त्याच बातमीत एक वाक्य आहे: बारा व्होल्टची मोटार चोवीस व्होल्टवर नेली की होडीचा वेग दुप्पट होतो. बातमीदाराला हे कोणा विक्रेत्याने सांगितलं असणार. वाक्य चूक आहे आणि ते छापून आल्यापासून त्याचा ताप मला होतोय, म्हणून हे पत्र. जरा लांबलं तर कापू नका. कापायचंच असेल तर वरची स्तुती कापा.

देवबागच्या वाटेवर माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. पूर्वी माडांच्या बागेतले पंप, बर्फाच्या कारखान्यातली एखादी मोठी मोटार, चतुर्थीच्या आधी घरोघरचे मिक्सर असं काम असायचं. अलीकडे होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, बसवतात त्या विजेच्या छोट्या मोटारी येऊ लागल्यात. एक दांडा, त्याच्या खालच्या टोकाला पाण्यात बुडणारी मोटार आणि पंखा, वर हँडल. रापणीला किंवा ट्रॉलरला तिचा काही उपयोग नाही. ती गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्यांसाठी. तांबोशी मासळी बसते खडपाच्या कपारीत, नाहीतर कांदळवनातल्या चिपीच्या मुळांत. तिथे पेट्रोल मशीन लावून गेलं की मासा आधीच पसार. वल्हं मारावं तर एक हात गळाला आणि एक वल्ह्याला. ही मोटार आवाज न करता होडी हवी तिथे धरून ठेवते, एवढंच तिचं काम आणि ते ती छान करते.

ही कल्पना नवी नाही. १९३४ साली अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या एका माणसाने फोर्ड मॉडेल ए गाडीची स्टार्टर मोटार काढली, तिला दांडा आणि पंखा जोडला आणि ती होडीला लावली. म्हणजे मूळ काम आमच्यासारख्याच कोणा खटपट्याचं. गाडीच्या बॅटरीवर चालणारी वस्तू म्हणून पुढे बारा व्होल्टच रूढ झाले.

तर बातमी आल्यापासून दुकानात एकच प्रश्न. "मामानू, चोवीस व्होल्ट घातले की होडी दुप्पट धावतली मां? पेपरात इलासा." आणि मागोमाग दुसरा प्रश्न, तो जास्त धोक्याचा: "मग ह्याच मोटारीक दोन बॅटऱ्यो जोडून दी."

आधी दुसऱ्याचं उत्तर देतो. बारा व्होल्टच्या मोटारीला चोवीस व्होल्ट देऊ नका. ही मोटार पाण्यात पंखा फिरवते आणि पाण्याचा हिशोब वेगळा असतो. पंखा दुप्पट वेगाने फिरवायचा तर जोर चौपट लागतो आणि अशा मोटारीत जोर म्हणजे सरळ अँपिअर. पूर्ण वेगात ५० अँपिअर खाणारी मोटार दोनशेच्या दिशेने निघते. तिथवर ती पोचत नाही. आधी वेग बदलणारा कंट्रोलर जातो, मग कार्बन ब्रश ठिणग्या टाकत कॉम्युटेटर, म्हणजे ते ज्यावर घासतात ती तांब्याची कडी, खरवडतात, मग वायंडिंगचं व्हार्निश जळतं. असा आर्मेचर, म्हणजे मोटारीतला फिरणारा वायंडिंगचा भाग, माझ्या टेबलावर येतो तेव्हा तो करपलेल्या सुक्या बांगड्यासारखा काळा असतो आणि वास त्याहून वाईट.

एकाने विचारलं, तू वायंडर ना, मग हाच आर्मेचर चोवीसचा भरून दे. भरता येतो. वेढे दुप्पट करायचे, तार निम्म्या छेदाची घ्यायची, खाचेत माल तेवढाच बसतो. कंट्रोलर मात्र चोवीसचाच लागेल. एवढं करून हातात काय येतं? तेवढीच ताकद, निम्म्या अँपिअरवर. होडी पूर्वी जेवढी चालत होती तेवढीच चालणार. मजुरी मी घेईन, पण गिऱ्हाईक नंतर तोंडावर बोलणार, म्हणून मी ते काम घेत नाही.

थोडक्यात, व्होल्टेज वाढवायचं म्हणजे मोटार बदलायची. आता पहिल्या प्रश्नाकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

या मोटारींवर आकडा असतो तो पौंडांचा: ३०, ५५, ८०, ११२. हा पाण्यातला रेटा, हॉर्सपॉवर नव्हे. बारा व्होल्टच्या मोटारी साधारण ५५ पौंडांपर्यंत जातात, चोवीसच्या ८० पर्यंत, छत्तीसच्या ११२ पर्यंत. ५५ वरून ८० म्हणजे रेटा जवळपास दीडपट. पण वेग दीडपट होत नाही. होडी पाणी बाजूला सारत चालते आणि वेग वाढेल तसं पाणी तिप्पट-चौपट रागाने आडवं येतं. ढोबळ हिशोब असा की ताकद दुप्पट केली तर वेग सव्वापट होतो, तोही होडीचा तळ बरा असेल तर. शिवाय या मोटारींचा पंखा हळू फिरून जोर लावण्यासाठी केलेला असतो, पळण्यासाठी नव्हे. भाच्याची अठरा फुटी फायबरची होडी आम्ही बाराची चोवीस केली. मोबाईलच्या जीपीएसवर पूर्वी साडेपाच किलोमीटर ताशी दाखवायचा, आता भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांतल्या, स्थिर पाण्यात साडेसहाच्या आसपास. एवढाच फरक. तांबळडेग ते मालवण शर्यत लावायला कोणी निघालं असेल तर आत्ताच थांबा.

मग आम्ही ते केलं कशाला? सुकतीसाठी, म्हणजे ओहोटीसाठी. देवबागच्या संगमाजवळ उधाणाची सुकती लागली की खाडीचं पाणी समुद्राकडे असं ओढतं, की ५५ पौंडांची मोटार पूर्ण सोडूनही होडी हळूहळू मुखाकडे सरकत राहते. हिशोबाने ५५ पुरायला हवेत. ढोबळ नियम आहे, होडीच्या दर शंभर पौंड वजनाला दोन पौंड रेटा. होडी, चार माणसं, बॅटरी, बर्फाचा डबा धरून सातशे किलो, म्हणजे दीड हजार पौंड. तीसच पौंड लागतात. पण तो नियम तळ्यातल्या होडीचा. त्यात वारा नाही आणि अमावस्येचं पाणीही नाही. ८० पौंडांची मोटार त्याच पाण्यात होडी धरून ठेवते आणि तीही अर्ध्या-पाऊण जोरावर. धरून ठेवणं हाच या सगळ्या खर्चाचा फायदा आहे. बातमीत तो एका शब्दाने नव्हता.

आता तारेबद्दल, कारण लोक पैसे मोटारीवर घालतात आणि तार जुनीच ठेवतात.

व्होल्ट वाढवले की अँपिअर कमी होतात, म्हणून बारीक तार चालते, हे सगळ्यांना पाठ झालंय. खरं आहे, पण ताकद तेवढीच ठेवली तर. ६०० वॉटची मोटार बारावर ५० अँपिअर घेते, चोवीसवर २५. तारेत वाया जाणारी वीज अँपिअरच्या वर्गात जाते, म्हणून ती चौथ्या हिश्शावर येते. मोठ्या लाईनवर हजारो व्होल्ट ठेवतात ते याचसाठी. पण तुम्ही काय करता? चोवीस व्होल्टबरोबर मोटारही मोठी घेता. ८० पौंडांची मोटार पूर्ण जोरात चोवीसवर पुन्हा ५५ अँपिअरच्या आसपास खाते! म्हणजे तारेत प्रवाह होता तेवढाच, किंबहुना थोडा जास्त. बारीक तारेची सवलत मिळालीच नाही.

एक होडी आली होती. बॅटऱ्या मागच्या फळीशी, मोटार पुढे नाळेवर, मधे घरच्या वायरिंगची ४ चौरस मिलिमीटरची तार. जाऊन-येऊन दहा मीटर. अशा तारेत ५० अँपिअरला सव्वादोन व्होल्ट वाटेतच मरतात. बारा व्होल्टच्या बॅटरीचा जवळजवळ पाचवा हिस्सा, आणि शंभर वॉटहून जास्त नुसती उष्णता. मालक म्हणत होता मोटार कमजोर आहे, चोवीसची घालूया. मी पाटलीखाली, म्हणजे बसायच्या आडव्या फळीखाली, हात घातला तर तार कोमट नाही, चांगली गरम. जोड होता पिळून टेप गुंडाळलेला. टेप सोडली तर आत तांब्याची हिरवी भुकटी, बोटाला लागली. खाऱ्या हवेत साध्या तांब्याचं असंच होतं. दिव्याची वात तेल ओढते तशी तार इन्सुलेशनच्या आतून पाणी ओढते आणि वरून चकचकीत दिसते. सोळा चौरस मिलिमीटरची कथिल चढवलेली तार टाकली, दाबून बसवलेले लग (तारेच्या टोकाचे धातूचे जोड), त्यावर आतून डिंक सुटणारी श्रिंक नळी. त्याच जुन्या बारा व्होल्टच्या मोटारीवर होडी अशी चालली की मालकाने चोवीसचा विषय सोडला. माझं गिऱ्हाईक गेलं म्हणायचं, पण मोटार त्याची वाचली.

तेव्हा आधी तार मोजा, मग मोटार.

ब्रेकर. इथे मात्र मी ओरडून सांगतो. घरच्या फळीवरचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा स्विच, होडीत लावू नका. घरची वीज (एसी) उलटसुलट वाहते, सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे स्विच उघडला की ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज (डीसी) एकाच दिशेने वाहते. ठिणगी पेटली की ती ताणून तोडावी लागते, त्यासाठी डीसीचा ब्रेकर वेगळाच बनवलेला असतो. व्होल्ट वाढतील तशी ती ठिणगी जास्त चिवट. बारावर जे नशिबाने निभावलं ते छत्तीसवर निभावेल असं नाही. आता घरोघर छपरावर सोलर आल्यामुळे डीसी एमसीबी कुडाळ-कणकवलीला सहज मिळतो, पूर्वीसारखा मुंबईहून मागवावा लागत नाही. या मोटारींना साधारण ६० अँपिअरचा लागतो. तो बॅटरीला जितका चिकटून बसेल तितकं चांगलं. मोटारीजवळ बसवलात तर मधली सगळी तार राखणीशिवाय राहिली, आणि फायबरची होडी पेटली की ती विझवायला आजूबाजूला पाणी असूनही काही उपयोग नसतो.

बॅटऱ्यांचं सांगायचं तर दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की चोवीस व्होल्ट होतात, शेजारी शेजारी जोडल्या तर बाराच राहतात आणि अँपिअर-तास दुप्पट होतात. दोन्हीत साठा तेवढाच. शंभर अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्यांत २४०० वॉट-तास, कशाही जोडा. चोवीस केल्याने होडी जास्त वेळ चालते हेही म्हणून खरं नाही. जास्त बॅटरी घातली म्हणून जास्त वेळ चालते. आणि जुन्या बॅटरीला नवी जोड देऊन चोवीस करायचे नाहीत. जोताला एक थकलेला आणि एक तरणा बैल बांधल्यासारखं होतं ते: जुनी आधी रिकामी होते, नवी तिला ओढत राहते, शेवटी जुनी उलटी चार्ज होऊन मरते. दोन्ही एका कंपनीच्या, एका वयाच्या, एका क्षमतेच्या हव्यात.

याच चालीतली दुसरी खोड म्हणजे दोनपैकी एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढून त्यावर दिवा, मासे दाखवणारं यंत्र आणि मोबाईल चालवणं. सोपं दिसतं. पण ती एक बॅटरी रोज थोडी जास्त खाली जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत वरचीच गोष्ट घडते. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, नाहीतर वेगळी छोटी बॅटरी ठेवा.

गाडीची बॅटरी या कामाला नको, ती क्षणभर जोर देऊन गाडी चालू करण्यापुरती केलेली असते. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर चालते, पण ती उंच आणि बोजड, पन्नास-साठ किलोची, दोन घातल्या की होडी एका बाजूने बसते, आणि लाटेवर कलंडली की ॲसिड. शिशाच्या बॅटरीत खारं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू निघतो. पाणबुड्यांतल्या खलाशांना हा धोका शंभर वर्षांपासून माहीत आहे, आमच्या होडीवाल्यांना अजून नाही. बॅटरी झाकणाच्या पेटीत, तळाच्या पाण्यापासून वर, पट्ट्याने आवळलेली हवी. शिवाय शिशाच्या बॅटरीवर लिहिलेले शंभर अँपिअर-तास हे वीस तास हळूहळू वापरली तरचे. पन्नास अँपिअरने ओढली तर त्यातले बरेच मिळतच नाहीत, आणि बॅटरी टिकवायची तर निम्म्याखाली उतरू द्यायची नाही. पूर्ण जोरात तासभर हे स्वप्नच.

भाच्याच्या होडीत आम्ही लिथियम फॉस्फेटची घातली, एकच पेटी, २५.६ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. वजन पंचवीस किलोच्या आत, म्हणजे शिशाच्या एका बॅटरीपेक्षाही कमी. महाग आहे, नाकारत नाही. पण दहा अँपिअरवर हळूहळू फिरलं तर सकाळपासून दुपारपर्यंत गरवून होतं. तिची एक खोड मात्र गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. शिशाची बॅटरी संपत आली की मोटार मलूल होते, आपल्याला कळतं, आपण घराकडे वळतो. लिथियमची शेवटपर्यंत ताठ असते आणि मग आतलं संरक्षण सर्किट खाट्कन बंद करतं. व्होल्ट मीटर बघून तिचा अंदाज येत नाही, कारण काटा मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ जागेवरच असतो. गेलेले-आलेले अँपिअर मोजणारा मीटर बसवावा लागतो. आणि होडीत वल्ही हवीतच. सुकतीच्या वेळी संगमावर मोटार बंद पडली तर पुढे अरबी समुद्र आहे, ट्रायपॉड लावून फोटो काढायची जागा नव्हे. बारा-बाराच्या दोन लिथियम पेट्या जोडून चोवीस करायचे तर आधी कंपनीने तशी परवानगी लिहून दिली आहे का ते बघा. काहींचं आतलं सर्किट ते सोसत नाही. आणि मोडीतल्या विजेच्या स्कूटरची बॅटरी फोडून होडीत घालणाऱ्यांना माझं सांगणं एकच, माझ्या दुकानासमोर होडी लावू नका.

पुढचा वर्ग म्हणजे ज्यांना पेट्रोलचं ९.९ हॉर्सपॉवरचं मशीन काढून त्या जागी वीज हवी आहे. आपल्या बातमीत दोन्ही गोष्टी एकत्र कालवल्या गेल्या. ८० पौंडांची मोटार पूर्ण जोरात बॅटरीतून तेराशे वॉट घेते, हे दोन हॉर्सपॉवरसुद्धा नाही. ९.९ म्हणजे सात हजार वॉटच्या वर. एवढी ताकद चोवीस व्होल्टवर द्यायची तर तीनशे अँपिअर लागतील, तार मनगटाएवढी होईल. तिथे ४८ किंवा त्याहून वरचं व्होल्टेज घ्यावंच लागतं, आणि मग ओल्या खाऱ्या हातांचा विचार वेगळा करावा लागतो. चोवीसला जे नुसतं जाणवत नाही ते अठ्ठेचाळीसला ओल्या हाताला जाणवतं. केरळात वैकमला २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची सौर फेरीबोट चालते, पंचाहत्तर प्रवासी नेते. लोक तिचा दाखला देतात. पण तिच्यावर नुसतं पॅनेल ठोकलेलं नाही. दोन अरुंद तळांची, कमी पाणी अंगावर घेणारी बोटच मुळात त्यासाठी बांधली. आपण जुन्या रुंद पोटाच्या होडीवर मोटार लावून तोच परिणाम मागतो. उलट वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत महिला बचत गट वल्ह्यावर कांदळवन दाखवतात. तिथे परतीला वारा समोरून आला तर छोटी बारा व्होल्टचीच मोटार हाताखाली असावी, असं मला वाटतं. तिथे चोवीसही नको.

दुकानात येणाऱ्या मोटारींपैकी बहुतेक व्होल्टेजमुळे मेलेल्या नसतात, हेही सांगायला हवं. त्या मरतात तंगुसामुळे, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीमुळे. तुटलेला तंगूस पंख्यामागे दांड्याला गुंडाळतो, आत आत जात ऑइल सील कापतो, त्या केसाएवढ्या फटीतून खारं पाणी मोटारीत शिरतं. उघडली की बेअरिंग तांबूस, ब्रशच्या घरात चिकट राखाडी गाळ, आणि सीलखाली तो निळा-पांढरा धागा नीट वळलेला. पंख्याची पिन काढून तंगूस बघायला दोन मिनिटं लागतात. चोवीसवर पंखा जास्त जोराने फिरतो, म्हणजे तो जास्त जोराने आवळतो. तीच गोष्ट दांड्याखालच्या जस्ताच्या तुकड्याची. तो स्वतः झिजून मोटारीचं ॲल्युमिनियम वाचवतो. झिजला की बदलायचा असतो. एकाने तो छान चकचकीत राहावा म्हणून ऑइलपेंट मारला होता. रंगाखाली तो काम करत नाही, आणि मोटारीच्या कवचाला मग सुरमाड किडल्यासारखी भोकं पडतात.

पावसाळ्याचं एका वाक्यात. १ जूनला बंदी लागून होड्या वर आल्या की शिशाची बॅटरी पूर्ण चार्ज करून दर महिन्याला पुन्हा चार्ज करायची, लिथियमची अर्धी ठेवून तारा सोडून ठेवायची; नाहीतर नारळी पौर्णिमेला नारळ समुद्रात जातो आणि बॅटरी भंगारात.

आता आपल्याकडे आणि आपल्यामार्फत इतरांकडे मागणं.

होड्या विजेवर आणायच्या म्हणता, तर चार्ज कुठे करायच्या? आज काय चाललंय ते बघायला या: घरातल्या प्लगवरून एक्स्टेन्शन, ते माडांच्या बागेतून, विहिरीच्या कठड्यावरून किनाऱ्यापर्यंत, मधे दोन जोड, एकाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली. रात्री भरतीचं पाणी वर आलं की पिशवी ओली. होडीतले चोवीस व्होल्ट माणूस मारत नाहीत, या वाटेवरचे २३० मारतील. भाच्याची पेटी पूर्ण भरायला तीन युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणजे प्रश्न पैशांचा नाही, सुरक्षित प्लगचा आहे. प्रत्येक जेटीवर उधाणाच्या रेषेच्या वर, झाकणाच्या पेटीत चार-सहा सॉकेट, गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, नीट अर्थिंग आणि प्रत्येकाचं वेगळं मीटर एवढंच हवं. मच्छीमार सोसायट्या डिझेलचा हिशोब ठेवतातच, विजेचाही ठेवतील. राज्य सरकारने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, तेव्हा वीजदराच्या सवलतीचं बोललं गेलं. सवलत कागदावरून जेटीच्या खांबावर येईल तेव्हा आमच्या उपयोगाची.

दुसरं, होडीच्या मोटारीला कधी अनुदान द्यायचं ठरलंच, तर नुसत्या मोटारीच्या बिलावर देऊ नका. तार, ब्रेकर, बॅटरीची पेटी आणि चार्जर एकाच बिलात असू दे. मोटारीवर अनुदान आणि तार स्वतःच्या खिशातून असं झालं की लोक पुन्हा चार चौरस मिलिमीटरवरच येणार, आणि मोटारी माझ्याकडे. माझं पोट भरेल. तरी नको.

तिसरं, मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे. दोघांनी मिळून एका पानाचं मराठी पत्रक काढावं: कोणत्या अँपिअरला किती मीटरवर किती जाडीची तार, ब्रेकर कुठे, बॅटऱ्या कशा जोडायच्या. दोन रंगांत, जाड कागदावर, लॅमिनेशन करून, जेणेकरून पाटलीखाली चिकटवता येईल. इंग्रजी पुस्तिकेत हे सगळं असतं, पण मोटारीचा खोका उघडला की ती आधी पेटवणाला जाते.

आणि आपल्या बातमीदाराला माझ्या दुकानात पाठवा. चहा देईन, जळलेले आर्मेचर दाखवीन, आणि हवं तर भाच्याला सांगून सुकतीच्या वेळी संगमावर दोन्ही मोटारींनी होडी धरून दाखवीन. वेगाचा आकडा त्यांनी स्वतःच्या मोबाईलवर वाचावा.

कळावे,

आपला,
एक मोटार वायंडर
देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग
(नाव छापू नये, चौकशीला येणारे आधीच पुष्कळ आहेत.)

ता. क. बातमीसोबतच्या फोटोत, मालक हसतोय त्याच्या गुडघ्यामागे, पाटलीला स्क्रूने बसवलेला एक पांढरा स्विच दिसतो. भिंगाखाली बघितला. घरचा एसी एमसीबी आहे, ३२ अँपिअरचा. त्यांचा नंबर आपल्याकडे असेल, तर पत्र छापण्याआधी त्यांना फोन करा.